पडद्यावरचे वैद्यक आणि खाटेवरचा रुग्ण

पदव्युत्तर प्रबंधिका सादर करण्याची मुदत जवळ आली, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकासमोरील डीटीपीच्या दुकानांचे दिवे मध्यरात्रीपर्यंत मालवत नाहीत. आत संगणकापुढे बारावी झालेला एक तरुण बसलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे, हातात पेन ड्राइव्ह घेऊन, उद्याचे शल्यविशारद आणि बालरोगतज्ज्ञ ताटकळत उभे असतात. तक्ता पानाबाहेर गेलेला असतो, संदर्भांचे क्रमांक चुकलेले असतात, आलेखातील स्तंभांची अदलाबदल झालेली असते. हे सारे तो तरुण निस्तरून देतो. संख्याशास्त्रीय विश्लेषण करून देणारा आणखी कोणी असतो. त्याचा दर वेगळा. आपल्याच रुग्णांची, आपणच वर्ष-दीड वर्ष खपून गोळा केलेली माहिती परक्या हाती सोपवायची आणि 'पी'ची किंमत ०.०५ च्या खाली आली का, एवढेच विचारायचे, असा हा व्यवहार असतो. गंमत अशी, की रांगेत उभ्या असलेल्या याच तरुणांच्या दुसऱ्या हातातील भ्रमणध्वनीवर कुठल्या तरी नामांकित शिकवणीची चित्रफीत दीडपट वेगाने धावत असते.

या तरुणांना संगणक येतो म्हणावे, की येत नाही म्हणावे?

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे संगणक-कौशल्य आणि ऑनलाइन शिक्षणाविषयीची त्यांची मते हा गेली पंचवीस वर्षे देशोदेशी पाहण्यांचा आवडता विषय राहिला आहे. या पाहण्या बहुधा प्रश्नावलीच्या असतात. तुम्हाला संगणक किती येतो, ऑनलाइन शिकायला आवडते का, असे विचारायचे आणि उत्तरांची टक्केवारी काढायची. पोहता येते का, असे काठावर उभे करून विचारावे आणि होकार मोजावेत, तसाच हा प्रकार. पाण्यात कोणी उतरवीत नाही. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक पोहोचवला, लक्षावधी मुलामुलींची भीड मोडली, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले आणि संगणक शिकणे म्हणजे प्रमाणपत्र मिळवणे, ही समजूतही त्याच वाटेने घरोघरी गेली. ती अजून पुरती गेलेली नाही.

वैद्यकीय अभ्यासक्रमाने या विषयाची दखल घेतली, ती २०१९ साली. क्षमताधारित अभ्यासक्रम त्या वर्षी एमबीबीएसला लागू झाला आणि प्रथम वर्षाच्या आरंभी १७५ तासांचा पायाभूत अभ्यासक्रम आला. त्यातील ४० तास भाषा आणि संगणक या दोन कौशल्यांसाठी मिळून राखून ठेवले होते. भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या ज्या पाच भूमिका या अभ्यासक्रमाने सांगितल्या, त्यांत आजन्म विद्यार्थी राहणे ही एक भूमिका आहे. कागदावर सारे यथास्थित होते. प्रत्यक्षात या ४० तासांचे काय झाले, हे ज्याने त्याने आपल्या महाविद्यालयात विचारून पाहावे. शाळेत शिकलेले 'वर्ड' आणि 'पॉवरपॉइंट' पुन्हा एकदा दाखवून हजेरी लावण्यापलीकडे फार थोड्या ठिकाणी मजल गेली असेल.

नियतीचा योग पाहा. या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी २०१९ च्या ऑगस्टमध्ये दाखल झाली आणि सात-आठ महिन्यांतच, मार्च २०२० मध्ये, शवविच्छेदन अर्ध्यावर सोडून वसतिगृह रिकामे करून घरी गेली. जिला संगणकाचे चार धडे जेमतेम मिळाले होते, तिचे सारे वैद्यकीय शिक्षण एका रात्रीत पडद्यावर आले. पुण्या-मुंबईच्या मुलांपाशी लॅपटॉप होता, स्वतंत्र खोली होती. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलेल्या मुलापाशी घरात एकच भ्रमणध्वनी, तोही वडिलांचा, आणि संपर्क मिळण्यासाठी गाठायची टेकडी. शिक्षकांचीही तीच गत. तीस वर्षे फळ्यावर खडूने मज्जारज्जूचा छेद सुरेख काढणारा प्राध्यापक काळ्या चौकोनांच्या एका पटाशी बोलू लागला. त्या चौकोनांमागे कोणी जागे आहे की नाही, हे कळायला त्याला मार्ग नव्हता.

पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १ डिसेंबर २०२० पर्यंत महाविद्यालये उघडावीत, अशी शिफारस केली आणि मुले परतली. ऑनलाइन वर्गांविषयी त्यांचे मत तोवर ठरून गेले होते : सोयीचे आहे, पण यातून डॉक्टर होत नाही. हे मत पोरसवदा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे जवळजवळ हेच म्हटले. चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी साथीमुळे परतले आणि उरलेले शिक्षण, त्यातील रुग्णालयीन प्रशिक्षणासह, त्यांनी घरबसल्या ऑनलाइन पुरे केले. पदवी हाती आली. मायदेशी नोंदणीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २९ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षण पुरे न केलेल्यांची तात्पुरती नोंदणी करण्यास आयोग बांधील नाही. त्याच वेळी, या मुलांना वाऱ्यावर न सोडता त्यांच्या प्रशिक्षणाची योजना आखावी, असेही आयोगाला सांगितले. त्याच सुमारास युक्रेनमधून सुमारे अठरा हजार विद्यार्थी युद्धाच्या वणव्यातून सोडवून आणावे लागले होते. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. पोटावर हात ठेवल्यावर प्लीहा बोटांना लागते म्हणजे नेमके काय होते, हे कोणत्याही पडद्यावरून कळत नाही. बोटांनाच ते शिकावे लागते.

येथवर कोणाचाही मतभेद नसावा. अडचण यापुढे सुरू होते.

महाविद्यालयाच्या ऑनलाइन वर्गाला नाके मुरडणारा हाच विद्यार्थी स्वतःच्या, म्हणजे आईवडिलांच्या, पैशांतून खासगी शिकवण्यांच्या ॲपची वर्गणी भरतो, तीही पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून. वर्गात ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के उपस्थिती नियमाने बंधनकारक आहे, म्हणून तो देहाने तेथे असतो. मागच्या बाकावर, एका कानात बोंड खुपसून, तो त्याच विषयाचे दुसरे व्याख्यान ऐकत असतो. तेव्हा त्याचा विरोध पडद्याला नाही, हे उघड आहे. पडद्यावर येणारे त्याच्या परीक्षेच्या कामाचे आहे का, एवढाच त्याचा निकष आहे.

त्याला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली ही, की दोनशे-अडीचशे विद्यार्थ्यांच्या वर्गात, भरभर इंग्रजीतून चाललेले व्याख्यान मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या डोक्यावरून जाते, आणि हात वर करून पुन्हा विचारण्याचा धीर त्याला होत नाही. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, चारदा ऐकता येते. शब्दकोश शेजारी ठेवून शिकता येते. आदिवासी पाड्यातून आलेल्या मुलीला शहरी मुलांच्या बरोबरीने उभे करण्याचे काम काही अंशी या चित्रफितींनी केले आहे. ते प्राध्यापकांना का करता आले नाही, हा प्रश्न प्राध्यापकांनी स्वतःला विचारावा. दुसरी गोष्ट परीक्षेची. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा २०० बहुपर्यायी प्रश्नांची, साडेतीन तासांची, संगणकावर घेतली जाते. २०२४ साली देशभरातून दोन लाखांहून अधिक डॉक्टर तिला बसले. आयुष्याची दिशा जर त्या साडेतीन तासांत ठरणार असेल, तर खाटेशेजारी घालवलेला तास तरुणाला वाया गेलेला वाटणारच. त्याने आपल्या हिताचा हिशेब केला आहे. हा हिशेब असाच बसावा, अशी व्यवस्था त्याने निर्माण केलेली नाही.

परिणाम मात्र रुग्णालयात दिसतो. शेवटच्या वर्षाची मुले ग्रंथालयात आणि आंतरवासिताही जमेल तेव्हा ग्रंथालयात. वॉर्डात रुग्ण आहेत, खाटा अपुऱ्या पडून काही जमिनीवर आहेत, आणि शिकायला कोणी नाही. सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्ण आपला देह विद्यार्थ्यांना तपासायला देतो, तो एक प्रकारे गुरुस्थानीच असतो. त्याच्याकडे पाठ फिरवून त्याच्या आजाराची चित्रफीत पाहिली जाते.

आणि त्या चित्रफितीत आजार असतो तरी कुठला? विंचूदंशाचेच पाहू. स्वादुपिंडदाहाची कारणे लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजी आद्याक्षरांचे एक स्मृतिसूत्र जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. आपल्याकडच्या मुलांनाही असते. त्या सूत्रात विंचूदंश हे एक कारण आहे. ते खोटे नाही. त्रिनिदादमधील एका जातीच्या विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडदाह होतो, हे सिद्ध झालेले आहे. पण कोकणातल्या लाल विंचवाची तऱ्हा निराळी. त्याच्या विषाने शरीरात संप्रेरकांचा लोंढा सुटतो, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचून मूल दगावते. हे बारकाईने कोणी पाहिले? डॉ. हिंमतराव बावस्कर या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. त्या केंद्रात तेव्हा ना संगणक होता, ना आंतरजाल. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाच्या नोंदी केल्या. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाने कोकणात मुले हकनाक जाण्याचे प्रमाण फार कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

आपल्याकडील शिकवण्यांच्या ॲपमध्ये प्राझोसिन नाही असे नव्हे. आहे, एका ओळीत, चार पर्यायांपैकी एक म्हणून. ते औषध कोणत्या रात्रीतून आले, हे त्या ओळीत मावत नाही. स्त्री-रुग्ण 'अंगावरून जाते' म्हणते तेव्हा तिला काय सांगायचे असते, म्हातारा 'छातीत धस्स होतं' म्हणतो त्यातले हृदयाचे किती आणि काळजीचे किती, हे तर कोणत्याच ॲपमध्ये नाही. हे सारे ज्ञान मराठीत आहे आणि वॉर्डात आहे.

बावस्करांचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल, मग संगणक हवाच कशाला? हा निष्कर्ष उलटा होईल. त्यांनी जे केले, ते निरीक्षण, नोंद, तुलना आणि जगाच्या वाङ्मयाशी ताडून पाहणे, एवढेच होते. संगणक याच चार कामांसाठी आहे. आज ही कामे शंभरपट सोपी झाली आहेत. ती करणाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. वैद्यकीय संशोधनाची 'पबमेड' ही सूची १९९७ पासून जगाला विनामूल्य खुली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ साली 'कॉक्रेन' ग्रंथालय साऱ्या देशाला मोफत करून दिले होते. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी संमत केली. सहा हजार कोटी रुपये खर्चून सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना उपलब्ध करण्याची ही योजना २०२५ पासून अमलात आली. दार उघडे आहे. पण 'पबमेड'मध्ये विषयशीर्षकांच्या आधारे शोध कसा घ्यावा, पाचशे लेखांतून कामाचे पाच कसे वेगळे काढावेत, औषध कंपनीच्या पैशांतून झालेली चाचणी कशी ओळखावी, हे बहुतेकांना कोणी शिकवलेले नसते. मग 'गुगल'ने जे पहिले दाखवले ते खरे, आणि २०२२ च्या अखेरीपासून तर संभाषण करणारी यंत्रे हाताशी आली आहेत. ती अस्तित्वात नसलेले शोधनिबंधही लेखकाच्या नावासह बिनदिक्कत रचून देतात. ज्याला मूळ निबंध शोधता येत नाही, त्याला ही लबाडी पकडताही येत नाही.

बायोमेडिकल संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम २०१९ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ऑनलाइन सक्तीचा करण्यात आला. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तो मनापासून तयार केला आहे. व्याख्याने स्वच्छ आणि मुद्देसूद आहेत. त्याचे काय होते? अशा सक्तीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साप्ताहिक प्रश्नांची उत्तरे यूट्यूबवर आयती मिळतात. निवासी डॉक्टर चोवीस-छत्तीस तासांच्या पाळीनंतर डोळे चोळत तीच उतरवून काढतात. सक्ती आणि प्रमाणपत्र यांची जोडी जमली, की शिकणे मागच्या दाराने निघून जाते.

आता जरा पदवीनंतरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आंतरवासिता तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो. तेथे क्षयरुग्णांची नोंद 'नि-क्षय'वर, दूरस्थ सल्ला 'ई-संजीवनी'वर, साथीच्या आजारांची खबर वेगळ्या संकेतस्थळावर, आणि २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक. या साऱ्यांत कोण वाकबगार असते? केंद्रातली आरोग्यसेविका आणि गावातली आशा. आशाताई झाडाखाली बसून गरोदर बाईची नोंद भ्रमणध्वनीवर झरझर करते. डॉक्टरसाहेब मात्र ही कारकुनी आपली नव्हे, अशा मुद्रेने सही करतात. कोणत्या पाड्यावर रक्तक्षय वाढतो आहे, क्षयाचे औषध मध्येच सोडणारे रुग्ण कोणत्या वस्तीतले आहेत, याची उत्तरे त्याच 'कारकुनी'त असतात. ती वाचायला डॉक्टरच हवा. आशाताईंकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

गोपनीयतेचा विषय तर कोणी उच्चारतही नाही. रुग्णाच्या नावासकट क्ष-किरणाचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून 'निदान ओळखा' असे विचारणे वसतिगृहात सर्रास चालते. रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला. विद्यार्थ्याला वाटते, आपण तर शिकतो आहोत. त्याचे शिक्षकही त्याच गटात असतात आणि उत्तर देतात.

रुग्णाला हात लावण्याआधी हात तयार करावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक संपूर्ण अध्याय 'योग्या'वर, म्हणजे सरावावर आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा-काकडीसारख्या फळांवर, शिवण्याचा जाड वस्त्रावर, पट्टबंधनाचा बाहुल्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. सरावाचे साधन कर्मासाठी निवडलेले आहे. भोपळा कापण्यात प्रावीण्य मिळवणे हा हेतू नाही. महाविद्यालयांतून आता कौशल्य प्रयोगशाळा आल्या आहेत, प्लास्टिकच्या हातावर सुई टोचण्याचा सराव होतो, ते उत्तमच. संगणकाची योग्या मात्र अजून कोणी मांडलेली नाही. ४० तासांच्या वर्गात भोपळा आहे, पण पुढे कोणता छेद घ्यायचा आहे, हेच विद्यार्थ्याला ठाऊक नसते.

तशी संधी व्यवस्थेने अलीकडेच, बहुधा नकळत, देऊन ठेवली आहे. २०२२ पासून प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असा नियम झाला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव आपलेसे करते, ही रीत त्याआधी कित्येक वर्षे चालत आली आहे. आता ती देशभर लागू आहे. बसमधून जायचे, वही भरायची, छायाचित्र काढायचे आणि परतायचे, असे तिचे स्वरूप अनेक ठिकाणी होऊ लागले आहे. त्याच वह्यांतील रक्तदाब, हिमोग्लोबिन, मुलांची वजने पहिल्या वर्षापासून एका साध्या तक्त्यात घातली, तर तिसऱ्या वर्षी अडीचशे विद्यार्थ्यांपाशी हजारभर कुटुंबांची तीन वर्षांची माहिती जमा होईल. 'एपी इन्फो'सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. नावे झाकून माहिती कशी ठेवावी, हे तेथेच शिकता येईल. गावातल्या बायकांचे हिमोग्लोबिन गोळ्या देऊनही का वाढत नाही, हा प्रश्न पडला, की 'पबमेड' उघडावेच लागेल. ऑनलाइन व्याख्यानही मग कामाचे वाटेल, कारण ते कोणाविषयी आहे हे विद्यार्थ्याला माहीत असेल. आणि प्रबंधिकेची वेळ येईल तेव्हा फाटकासमोरच्या दुकानात फार तर बांधणीपुरते जावे लागेल.

यासाठी अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत, तोंडी परीक्षेच्या टेबलाशेजारी एक संगणक ठेवावा लागेल. विद्यार्थ्याने स्वतःच्या दत्तक कुटुंबांचा तक्ता उघडावा, परीक्षकाने त्यावर एक प्रश्न विचारावा आणि वीस मिनिटांत उत्तर शोधायला सांगावे. नव्या इमारती नकोत, मोठा निधी नको. आधी परीक्षकालाच तो तक्ता वाचता आला पाहिजे, आणि अनेक महाविद्यालयांत घोडे पेंड खाते ते तेथेच.